दुकानातला लाल आणि अंगणातला लाल

आमच्या आळीत लाल रंगाबद्दलचा शेवटचा शब्द माझ्या बाबांचा असे. नागपुरात इतवारीच्या मागच्या अंगाला आमची विणकरांची वस्ती होती. घरोघरी माग, दिवसभर खटखट, आणि त्या खटखटीवर आवाज चढवून बोलायची सवय लागल्यामुळे आम्ही सगळे जन्मभर भांडल्यासारखे बोलत आलो. लुगडी सुती, पण त्यांचे काठ रेशमाचे. काठाचं रेशीम रंगवायचं काम बाबा करत आणि तेही एकाच रंगाचं, किरमिजी लाल. बाकीचे रंग कुणीही रंगवावेत, पण लाल चुकला तर सवाष्ण बाई लुगड्याला हात लावत नाही, असं ते म्हणत. शेजारच्या घरांनी दुसरीकडून लाल रेशीम आणलं तरी मागावर चढवण्याआधी ते बाबांना दाखवायला आणत. बाबांनी मान हलवली की काम सुरू. नाही हलवली तर ते रेशीम परत जाई, आणि त्यावर कुणी हुज्जत घालत नसे.

या पाहण्याचा एक रिवाज होता. सकाळचं ऊन अंगणात उतरलं की बाबा उन्हाकडे पाठ करून पाटावर बसत, रेशमाची लड मांडीवरच्या पांढऱ्या धोतरावर ठेवत आणि बघत राहत. घरात नाही, पडवीत नाही, आभाळ भरून आलेलं असेल तर त्या दिवशी नाहीच. दिवेलागण झाली की रंगाबद्दल कुणी अक्षर काढायचं नाही, हा साऱ्या आळीचा नियम होता. माझी एक मावशी पाहुणी आली असताना कंदिलाच्या उजेडात काठ हातात धरून “रंग मोठा छान हाय” म्हणाली, तर मायनं तिला असं झापलं की ती दुसऱ्या दिवशीच गावी निघून गेली. मला तेव्हा हे सगळं खूळ वाटे. आता वाटतं, आमच्याकडे शास्त्र म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं, आणि ते चुकीचं नव्हतं.

बाबांचा माल इतवारीतल्या एका मोठ्या दुकानात जाई. तिथले शेटजी भला माणूस. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा गोष्टीत शेटजी आला की वाचणारा त्याला लगेच खलनायक ठरवून मोकळा होतो. त्यांच्या दुकानाचं तोंड अरुंद आणि पोट खोल होतं. पूर्वी रस्त्याला लागून ओटा होता. बायका ओट्यावर बसत, लुगडं तिथेच उलगडलं जाई आणि वरून ऊन पडे. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाल्यावर बाजारात जो तो दुकान सजवायला लागला. शेटजींनी ओटा काढून काचेचं कपाट लावलं, गिऱ्हाइकांची बैठक आत नेली, आणि आत अंधार झाला म्हणून छताला पांढऱ्या नळ्या लावल्या.

ट्यूबलाइट आम्ही त्याआधी पाहिली नव्हती. पहिल्या आठवड्यात लोक लुगडी घ्यायला नाही, त्या नळ्या बघायला जात होते. बाबा माल द्यायला निघाले तेव्हा मीही हट्ट करून सोबत गेले. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते आणि मला सगळं बघायचं असे. बटण दाबलं की नळी आधी डोळे मिचकावल्यासारखी लुकलुके, मग एकदम भरून येई. बारीक गुणगुण चालू राही. सावली जवळजवळ पडतच नव्हती. धोतरांचे गठ्ठे असे पांढरेशुभ्र दिसत होते की मी हात लावून पाहिला. माणसं मात्र सगळी आजारातून उठल्यासारखी दिसत होती. शेटजींच्या ओठांत रक्तच नव्हतं. मी ते बाबांना हळूच सांगायला वळले, तर बाबा आपल्या गठ्ठ्यातलं वरचं लुगडं उलगडून त्याच्याकडे बघत उभे होते. काठ काताच्या रंगाचा दिसत होता. पानाला लावतात तो कात, तसा तपकिरी, मेलेला.

त्यांनी लुगडं उचललं आणि सरळ रस्त्यावर गेले. उन्हात काठ होता तसाच होता, किरमिजी. आत आणला की कात. बाहेर नेला की किरमिजी. तीनदा-चारदा ही ये-जा झाल्यावर दुकानातली पोरंसोरं हसायला लागली. शेटजी हसले नाहीत. त्यांनी बाबांना बसवून पाणी दिलं.

“दादा, माल तुमचा एक नंबर हाय,” ते म्हणाले, “पन लाल मरून राहिला.”

बाबा म्हणाले की लाल मेला नाही, तुमचा दिवा आंधळा आहे. शेटजींनी ते मनावर घेतलं नाही, पण पुढच्या खेपेला अर्धा माल परत केला आणि त्याच्या पुढच्या खेपेला सगळाच. गिऱ्हाईक आत बसतं, आत पाहतं, आत ठरवतं. प्रत्येक बाईला हाताला धरून रस्त्यावर कोण नेणार?

आळीत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. बाबा दिव्याला दोष देतात म्हटल्यावर समोरचे म्हातारे आजोबा, ज्यांचं रेशीम बाबांनी अनेकदा परत पाठवलं होतं, ते दातकोरणं चघळत म्हणाले की नाचता येईना आणि अंगण वाकडं. बाबांच्या तोंडावर म्हणाले. यापूर्वी असं कुणी बोललं नव्हतं. मी त्यांना काहीतरी तिखट बोलले आणि मायनं मला आत ओढलं. बाबा आपला हंडा घासत राहिले, आणि मला त्यांचाच जास्त राग आला. त्यांच्या डोळ्यावरचा आळीचा भरवसा जात होता, तो त्यांना हातातून निसटताना दिसत होता, आणि माणूस हंडा घासत बसला होता.

त्यानंतर त्यांनी ते केलं जे आमच्या आळीत कुणी केलं नसतं. ते दिव्यासाठी रंगवायला लागले.

सकाळी हंड्यात रंग कालवायचा, रेशमाचे चार धागे बुडवायचे, पिळून फुंकून सुकवायचे आणि ते खिशात घालून इतवारीत जायचं. दुकानात नळीखाली उभं राहून बघायचं. परत यायचं, रंगात थोडी भर घालायची, पुन्हा जायचं. अंगणातला पाट भिंतीला टेकवून ठेवलेला असे. कित्येक दिवस हे चाललं. किरमिजी कमी करत करत ते नारिंगीकडे सरकत गेले आणि शेवटी एका संध्याकाळी खूश होऊन घरी आले. नळीखाली कुंकवासारखा लाल सापडला होता. त्या रंगात त्यांनी रेशीम रंगवलं, मायनं ते काठाला घेतलं आणि लुगडी तयार झाली. माय दिवसभर त्या काठाकडे बघत होती. तिनं एकदाच सांगितलं, “हा शेंदूर हाय. मारुतीले लावतात तो. बाईच्या अंगावर हा काहून?” बाबा म्हणाले की दुकानात जाऊन पाहा. मायनं जन्मात दुकानात जाऊन काही पाहिलं नव्हतं.

दुकानात लुगडी हातोहात गेली. शेटजींनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसांत बाबा जेवताना बोलत असत आणि समोरच्या आजोबांनाही त्यांनी स्वतःहून रामराम घातला. मग सावनेरकडचं एक कुटुंब शेटजींकडे भांडायला आलं. त्यांनी लग्नात वरमायेला आणि करवल्यांना द्यायला आमची लुगडी घेतली होती. दुकानात लाल पाहून घेतली आणि मांडवात, भर दुपारी, सगळ्यांच्या अंगावर शेंदरी काठ. वरपक्षाच्या बायकांनी तिथेच नाकं मुरडली. तुम्ही आम्हाला देवाला वाहायचं नेसवलं काय, असं कुणीतरी म्हणालं म्हणे. तो संपूर्ण गठ्ठा शेटजींनी बाबांपुढे ठेवला. नेसलेली लुगडी, घड्या मोडलेली. बाबा गठ्ठा डोक्यावर घेऊन घरी आले आणि माजघरात टाकून बाहेर निघून गेले.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली होती. जुना लाल दुकानात मेलेला आणि नवा लाल उन्हात शेंदूर. दोन्हीकडे लाल दिसेल असा रंग बाबांना सापडेना. ते मिश्रणामागून मिश्रण करत राहिले. हंड्यांच्या कडांवर लाल-नारिंगीचे थर चढत गेले आणि आळीतलं कुणी आता सकाळी लड घेऊन येईनासं झालं.

मी तोवर कॉलेजात गेले होते. आमच्या आळीतून सायन्सला गेलेली मी पहिलीच मुलगी, आणि याचं श्रेय बाबांना द्यायला हवं, कारण मायचा सक्त विरोध होता. एका तासाला आमच्या पदार्थविज्ञानाच्या सरांनी एक बंद पडलेली ट्यूबलाइट टेबलावर जपून फोडली. आतल्या अंगाला पांढरी भुकटी होती, पिठाच्या गिरणीत भिंतींना बसते तशी. सरांनी काचेचा एक तुकडा हातमोज्यात धरून दाखवला. ते म्हणाले की नळीत पाऱ्याची वाफ असते, वीज तिच्यातून गेली की ती जो प्रकाश सोडते तो बहुतेक आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. ही भुकटी तो न दिसणारा प्रकाश गिळते आणि दिसणारा बाहेर टाकते. जे गिळलं त्यातलं थोडं स्वतःच्या अंगात उष्णता म्हणून मुरतं, म्हणून बाहेर येतो तो गिळलेल्यापेक्षा हलका, आणि डोळ्यांना दिसेल असा. कोणता रंग बाहेर टाकायचा ते भुकटीवर. तिच्यात कोणत्या धातूचा कण मिसळला आहे त्यावर. एक कण मिसळला तर निळसर, दुसरा मिसळला तर पिवळा-नारिंगी, दोन्ही मिसळून डोळ्यांना पांढरं वाटेल असं काहीतरी.

मग त्यांनी आम्हाला लोलकातून आधी खिडकीचा उजेड दाखवला आणि नंतर वर्गातल्या नळीचा. खिडकीच्या पट्ट्यात जांभळ्यापासून गडद लालपर्यंत सगळं सलग होतं. नळीच्या पट्ट्यात मध्ये हिरव्याची धारदार रेघ, निळ्याची रेघ, पिवळं भरपूर, आणि लालच्या टोकाला अंधारच म्हणावा असं काहीतरी. बाकीच्या मुली एकमेकींना ढकलत होत्या, मागच्या मुलीला बघायचं होतं, आणि मी लोलक सोडत नव्हते. बाबांचा किरमिजी जिथे असायला हवा होता तिथे काही नव्हतं. मला रडू आलं. सरांना वाटलं काच लागली.

त्याच संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. मला केवढा आनंद झाला होता. तुमचा रंग चुकला नाही, हे आता मी पुस्तकाच्या आधाराने सांगू शकत होते. मी म्हटलं, रेशीम लाल नसतं बाबा, रेशीम फक्त उजेडातला लाल तेवढा परत पाठवतं. उन्हात लाल आहे म्हणून ते परत देतं. त्या नळीत तुमचा लाल नाहीच, तर रेशीम देणार कुठून? रिकाम्या पोत्यातून कुणी धान्य काढू शकतं का?

बाबांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्यांनी आपली बोटं उलटीसुलटी करून पाहिली. नखांच्या कडा कायमच्या लाल झालेल्या होत्या.

“मंग रेशमात काहीच नाही म्हणतं तू,” ते म्हणाले. “मी इतके दिवस काय टाकून राहिलो होतो रेशमात?”

मी घाईघाईनं सांगायला लागले की तसं नाही, तुम्ही जे टाकता त्यानंच तर बाकीचे रंग गिळले जातात आणि लाल तेवढा उरतो.

“खरा लाल कोणता, सांग मले. अंगनातला का दुकानातला?”

सरांनी शिकवलं होतं की खरा असा नसतो, ज्या उजेडात बघाल तसा तो असतो. मी तेच सांगितलं, जरा गोल करून. बाबांनी मान हलवली. ते उठले, आणि मला कळलं की मी काहीतरी बरं सांगायला गेले आणि त्यांच्या हातातलं उरलंसुरलंही गेलं. चुकत कुणीच नव्हतं, मीही नाही, आणि तरीही ते घरातलं संध्याकाळचं सगळ्यात वाईट जेवण होतं. माय विचारत राहिली की भाजीत मीठ जास्त झालं का.

एक आशा मी तरीही धरली होती. सर म्हणाले होते की लाल जास्त देणाऱ्या भुकट्याही असतात आणि तशा नळ्या मिळू शकतात, पण त्या जरा मंद आणि महाग. मी बाबांना घेऊन शेटजींकडे गेले. सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, एका पोरीकडून ऐकतो आहोत असा भाव कुठेच नव्हता. चहा मागवला. मग त्यांनी मला उभं करून दुकान दाखवलं. एका भिंतीला लुगडी आणि तीन भिंतींना धोतरं, चादरी, मांजरपाट, पंचे.

“बेटी, अर्ध्याहून जास्त दुकान माझं पांढरं हाय,” ते म्हणाले. “तुझ्या नळीत हे पिवळं दिसन. पांढरं पिवळं दिसलं तर मी गेलो.”

त्यात खोटं काही नव्हतं. मीच त्या पांढऱ्याला पहिल्या दिवशी हात लावून पाहिला होता. परत येताना बाबा माझ्यापुढे चालत होते. मी त्यांना म्हटलं की आपण दुसरं दुकान बघू, ज्यांच्याकडे नळ्या नाहीत असं. ते म्हणाले, “किती दिवस?” आणि खरंच, त्या वर्षी आम्ही इतवारीतून येत होतो तर पाच-सात दुकानांत नळ्या दिसत होत्या, आणि पुढच्या वर्षी न दिसणारी दुकानं शोधावी लागली असती. आमच्याही घरात पुढे वीज आली. लावली तीही नळीच, कारण बल्बापेक्षा वीज कमी खाते म्हणून सगळे सांगत.

बाबांनी हंडे मोडीत घातले नाहीत, विकलेही नाहीत. नुसते वापरणं थांबवलं. काठाला गिरणीतलं रंगीत सूत यायला लागलं, ते जसं येई तसं लागे. मागही हळूहळू थंडावले. आळीत हातमागावर कमीच घरं राहिली, बरेच जण गिरणीत आणि रेल्वेत लागले. शेटजींनीच बाबांना बोलावलं. गिऱ्हाइकांपुढे लुगडी उलगडायला जाणकार माणूस हवा, तुम्ही या म्हणाले. बाबा जातील असं मला वाटलं नव्हतं. ते गेले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आणि गादीवर मांडी घालून ते दिवसभर नळ्यांखाली लुगडी उलगडत. त्यांचं काम चांगलं होतं असं ऐकलं. त्यांची घडी मोडत नसे.

मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले त्या पहिल्या उन्हाळ्यात मायला लुगडं घ्यायचं म्हणून त्या दुकानात गेले. बाबांना आधी सांगितलं नव्हतं. मी बैठकीच्या कडेला बसले. बाबा एका बाईपुढे लुगडी उलगडत होते. बाई उमरेडकडची असावी, बरोबर नेसायची झालेली मुलगी होती. बाईनं एका लाल काठावर बोट ठेवलं, काठ जवळ धरला, लांब धरला. मग लुगडं घेऊन उठली आणि म्हणाली की जरा दारात नेऊन पाहते, उन्हात कसा दिसते रंग ते.

बाबांनी लुगड्याचं दुसरं टोक सोडलं नाही.

“उन्हात काय पायता बाई,” ते म्हणाले. “आता घरोघरी हेच दिवे येऊन राहिले. हेथं दिसते तोच रंग.”

बाई घुटमळली. दुकानातल्या म्हाताऱ्या, जाणत्या माणसाचं ऐकावं असं तिला वाटलं असणार. ती खाली बसली आणि मुलीला म्हणाली की घे मग हेच. बाबांनी लुगड्याची घडी घातली, काठाला काठ जुळवून, आणि तेव्हा त्यांना मी दिसले. त्यांनी मला ओळख दिली नाही. घडी केलेलं लुगडं बाईच्या हातात देऊन त्यांनी मागच्या फळीवरून दुसरं काढलं, माझ्यापुढे उलगडलं, आणि खाली मान घालून विचारलं, “तुमाले कसा पायजे लाल?”